सात नंबरची खुर्ची

नोकरीतल्या बऱ्याच गुन्ह्यांचे तपशील आता डोक्यात एकमेकांत मिसळतात. पंच एका केसचे आठवतात, आरोपी दुसऱ्या केसचा. तळ्याकाठच्या पार्कातलं हे प्रकरण मात्र सुटं राहिलं आहे. त्यातल्या कुणाचंही नाव मी लिहिणार नाही. ती माणसं आजही याच भागात राहतात, बाजारात भेटतात.

मीरा-भाईंदरमध्ये माझी दोनदा बदली झाली. पहिल्यांदा आलो तेव्हा मी उपनिरीक्षक होतो आणि तो पार्क अगदी नवा होता. एक तळं, त्यात चार पेडल बोटी आणि काठावर भेळेची गाडी, एवढंच. मग तळ्याला फेरी मारणारी छोटी आगगाडी आली, मग लाकडी घोड्यांचं चक्र, मग जायंट व्हील. त्या व्हीलच्या टोकावरून एका बाजूला खाडी दिसायची आणि दुसऱ्या बाजूला काशीमीऱ्याच्या नाक्यावर अडकलेले ट्रक. माझी मुलगी त्यात बसून रडली होती.

दुसऱ्यांदा आलो तेव्हा पोलीस निरीक्षक होतो. आसपास टॉवर उभे राहिले होते. व्हील ज्या उंचीला पोचायचं, त्या उंचीला आता लोकांच्या खिडक्यांत कपडे वाळत असत. पार्कात झोके घेणारी मोठी ‘कोलंबस’ बोट आली होती, डॅशिंग कार आल्या होत्या आणि ‘उडत्या खुर्च्या’ही होत्या. मधे खांब, वर छत्री आणि छत्रीला साखळ्यांनी टांगलेल्या खुर्च्या. छत्री फिरू लागली की खुर्च्या बाहेर फेकल्या जात आणि बाहेरच्या रांगेतल्या खुर्च्या थेट तळ्याच्या पाण्यावरून जात. गर्दी त्यालाच असायची. दर दिवाळीला सगळ्याला नवा रंग लागायचा. आतलं लोखंड जुनंच.

उन्हाळ्याच्या सुट्टीतला रविवार होता. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास पोलीस ठाण्यात फोन आला. आम्ही पोचलो तेव्हा गाणी बंद केलेली होती आणि तरीही आगगाडी रिकामीच तळ्याभोवती फिरत होती. ती बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं.

पूनम सागर वसाहतीत राहणारी चौतीस वर्षांची एक बाई, एका शाळेच्या कार्यालयात नोकरीला. नवऱ्याबरोबर आली होती. मुलगी आजीकडे गावाला गेलेली. उडत्या खुर्च्या पूर्ण वेगात असताना तिच्या खुर्चीची एक साखळी वरून सुटली. खुर्ची कलंडली आणि बाई काठाच्या रेलिंगवर आपटून पाण्यात पडली. यंत्र चालवणाऱ्या ऑपरेटरने यंत्र थांबवलं, बुटांसकट तळ्यात उडी मारली आणि तिला वर आणलं. रुग्णालयात पोचण्याआधीच तिचा मृत्यू झाला होता.

ऑपरेटर अठ्ठावन्न वर्षांचा, उत्तनचा ख्रिश्चन माणूस. बापाची होडी होती. पोहता येतं म्हणून पेडल बोटींवर लक्ष ठेवायला त्याला पहिल्या वर्षी ठेवलं होतं. तेव्हापासून तो तिथेच. एकेक यंत्र येत गेलं आणि तो ते चालवायला शिकत गेला. सगळे त्याला अंकल म्हणत.

ओल्या कपड्यांनीच तो ठाण्यात बसला होता. मी समोर गेलो तर उठून उभा राहिला.

“साहेब, माजी चूक हाय. मी चालू केला. मना आत घाला.”

माझ्या उपनिरीक्षकाने जबाब लिहिला. आमची एक ठरलेली भाषा असते. ‘माजी चूक हाय’ याचं कागदावर ‘सुरक्षा साखळी नीट लावली आहे की नाही हे तपासण्यास मी विसरलो’ असं झालं. अंकलने न वाचता सही केली. निष्काळजीपणामुळे मृत्यू असा गुन्हा दाखल झाला, अटक झाली. जामीन मिळण्यासारखा होता, पण तो घ्यायला अंकल तयार नव्हता. मॅनेजरचा जबाब त्याला जुळणारा होता: “माणूस चांगला आहे साहेब, पण वय झालं. लक्ष राहत नाही.” नवऱ्याचा जबाबही तसाच: “त्याने काही चेक केलं नाही. सरळ बटण दाबलं. त्याला सोडू नका.”

पोलिसांपुढची कबुली न्यायालयात टिकत नाही, हे नव्या शिपायालाही माहीत असतं. तरी कबुली मिळाली की तपास सैल पडतो. आमचाही पडला. खुर्चीच्या साखळीची मोडलेली कडी पंचनामा करून जप्त केली, प्रयोगशाळेत पाठवली आणि आम्ही दुसऱ्या कामाला लागलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी हजेरीच्या वेळी एक बाई फाटकाशी घुटमळताना दिसली. हातात भाजीची पिशवी. आमच्या महिला हवालदाराने तिला आत आणलं. ती पार्कात तिकीट खिडकीवर बसायची. मूळची मराठवाड्याची, राहायला हाटकेशला.

“माझं नाव नका लिहू साहेब. दोन पोरी शिकायल्यात माझ्या.”

“नाही लिहीत. बोला.”

“ती सात नंबरची खुर्ची हाय ना, ती आठ दिवसांपासून बंद होती. अंकलनी तिला लाल फडकं बांधलं होतं. कोणालाच बसू देत नव्हते तिच्यावर. मग त्या दिवशी ते फडकं कुणी काढलं, ते इचारा.”

“तुम्ही पाहिलं?”

“माझी खिडकी पलीकडं हाय. मला काय दिसतंय? पण अंकल इसरणारा माणूस नाही.”

एवढं बोलून ती गेली. मी अंकलला कोठडीतून माझ्या खोलीत आणवलं. चहा मागवला. त्याने घेतला नाही.

“लाल फडकं कुणी बांधलं होतं?”

“मी.”

“का?”

“कडीला भेग दिसलेली. वेल्डिंग मारलेला जुना. मी सांगितलेला, नवीन आणा.”

“कुणाला सांगितलं?”

त्याने चहाचा कप माझ्या बाजूला सरकवला.

“मग ते काढलं कुणी?”

“साहेब, आमच्या होडीवर तांडेल असते, होडी त्याच्या हुकमान चालते. होडी बुडली तर तांडेलला पुसतात, खलाशाला न्हाय. बटन माझ्या हातान होता. तुमी लिवलाय ना? लिवलाय ता बरोबर हाय.”

दोन तास मी वेगवेगळ्या बाजूंनी विचारलं. खोटं बोलणारा माणूस तपशील वाढवत जातो. हा प्रत्येक वेळी एक वाक्य कमी करत होता. शेवटी एवढंच म्हणाला, की पार्क बंद पडला तर चाळीस घरं बसतील आणि आपलं वय तर झालंच आहे. हे वाक्य त्याचं नव्हतं. ‘वय झालं’ हे मी दोनच दिवसांपूर्वी मॅनेजरच्या तोंडून ऐकलं होतं.

मॅनेजरला बोलावलं. लाल फडकं? आठवत नाही. कडी? देखभाल वेळेवर होते. इतर कामगारांना एकेकट्याने विचारलं. सगळे जमिनीकडे बघत होते. अपघाताच्या वेळचे तीन-चार व्हिडिओ आमच्याकडे आले होते, पण ते सगळे यंत्र सुरू झाल्यानंतरचे. मला हवी होती त्याआधीची दोन मिनिटं.

तेव्हा मला आठवलं, की रुग्णालयातल्या पंचनाम्याच्या वेळी नवऱ्याच्या हातात मोबाइल होता. तो त्याने घट्ट धरून ठेवला होता. बायको बसलेली असताना तो शूटिंग करत असणारच. फोन त्याने दिला नव्हता आणि आम्हीही मागितला नव्हता. ज्याची बायको तासाभरापूर्वी गेली त्याच्याकडे फोन कसा मागायचा, असा संकोच वाटला होता. तपासाधिकाऱ्याला असा संकोच परवडत नाही.

चौथ्या दिवशी दुपारी तो आला. दाढी वाढलेली, शर्टाचं बटण चुकीचं लावलेलं.

“व्हिडिओ काढला होता का तुम्ही?”

“हो. पण मी तो उघडलेला नाही साहेब. उघडवत नाही.”

“आम्हाला बघावा लागेल.”

“बघा. त्यात दिसेलच, त्याने कसं केलं ते. मी पण बघतो. मला बघायचंच आहे आता.”

मी दोन पंचांना बोलावलं, फोन टेबलावर ठेवला आणि व्हिडिओ लावला. तो माझ्या शेजारीच खुर्ची ओढून बसला.

सुरुवातीला नुसती गर्दी. मग बायको दिसली, अबोली रंगाच्या कुर्त्यात, केस सावरत. ती आतल्या बाजूच्या एका खुर्चीकडे चालली होती. फोनच्या अगदी जवळून त्याचाच आवाज आला:

“अगं, तिथे नको. ती बाहेरची घे ना, लाल कपडावाली. मागे तळं मस्त येतंय.”

पडद्यावर अंकल पुढे आला. हात आडवा केलेला. “ताय, ती न्हाय. ती बंद हाय. दुसऱ्यान बसा.”

ती थांबली. फोनकडे बघून म्हणाली, “अरे, ते नको म्हणतायत.”

मग कडेने मॅनेजरचा आवाज. चेहरा दिसत नाही, पांढरा शर्ट आणि हातातला वॉकी-टॉकी तेवढा दिसतो. “अंकल, क्या लगा रखा है? लाइन देखो कितनी है. कपडा निकालो, बिठाओ.”

“सर, कडी—”

“मैं बोल रहा हूँ ना? निकालो.”

अंकलने फडकं सोडलं. खूप हळू सोडलं. ती अजून उभीच होती. पुन्हा अगदी जवळून आवाज आला, हसतच:

“बस गं. काही होत नाही.”

ती बसली. अंकलने तिच्यापुढची सुरक्षा साखळी लावली, ओढून पाहिली, परत ओढून पाहिली. मग मान वर करून त्याने वरच्या त्या कडीकडे पाहिलं आणि छातीवर क्रॉसची खूण केली. त्यानंतरचं मी बंद केलं.

पंच म्हणून आलेला स्टेशनरीवाला भिंतीकडे बघत होता. नवरा टेबलावर ठेवलेल्या फोनकडे बघत राहिला. मग अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाला, “साहेब, माझं पण नाव लिहा.”

“कशात?”

“आरोपीत. ती नको म्हणत होती.”

मी त्याला सांगितलं, की खुर्ची खराब आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं, कायद्याने तुमचा काही दोष नाही. हे सगळं खरं होतं. त्याने ते ऐकलं असं मला वाटत नाही. जाताना त्याने विचारलं, “कोर्टात हे लावतील?”

“लावावंच लागेल.”

“आवाज बंद करून नाही का लावता येणार? तिची आई येणार आहे.”

मी नाही म्हणालो. मॅनेजरविरुद्ध आमच्याकडे जो पुरावा होता तो त्या आवाजातच होता.

पुढचं काम सरळ झालं. मॅनेजरला त्याचा आवाज ऐकवला. त्याने आधी पाणी मागितलं, मग वकील. संध्याकाळपर्यंत त्याने सांगितलं, की कडीचं मालकाच्या कानावर घातलं होतं आणि सुट्टी संपेपर्यंत चालवून घ्या असा निरोप आला होता. प्रयोगशाळेचा अहवाल आला, त्यात जुन्या वेल्डिंगची भेग स्पष्ट होती. मॅनेजर आणि मालक, दोघांवर दोषारोपपत्र दाखल केलं. अंकलचा मी नव्याने जबाब घेतला, या वेळी स्वतः, त्याच्याच शब्दांत. त्याला साक्षीदार केलं. सुटल्यावर तो मला म्हणाला, “साहेब, तुमी मना सोडला. मी मना न्हाय सोडला.” तो परत कधी पार्कात गेला नाही. पार्क बंदच झाला. चाळीस घरांचं त्याला वाटलेलं भय खरं ठरलं. ती तिकिटवाली बाई पुढे काशीमीऱ्याच्या एका हॉटेलात भांडी घासताना मला दिसली. तिने ओळख दाखवली नाही, मीही दाखवली नाही.

खटला माझ्या निवृत्तीपर्यंत सुरूच होता. व्हिडिओ न्यायालयात लावला त्या दिवशी मी हजर होतो. त्या गेलेल्या बाईची आई आली होती. तिने पदर तोंडाला लावला आणि शेवटपर्यंत काढला नाही. जावई तिच्यापासून दोन बाकं मागे बसला होता. बाहेर पडताना दोघं वेगवेगळ्या रिक्षांनी गेले.

नव्या अधिकाऱ्यांसमोर बोलायला मला कधी कधी बोलावतात, तेव्हा मी ही केस सांगतो. कुणी ‘माझी चूक’ म्हणालं तर पेन खाली ठेवू नका, ‘कोणती?’ म्हणून विचारा. त्याची वाक्यं आपल्या साच्यात ओतू नका. या केसमध्ये दोन माणसं आपणहून म्हणाली, की आमचं नाव आरोपीत लिहा. ज्यांची नावं लिहायची होती त्यांच्यापैकी एकानेही तसं म्हटलं नाही. हे सगळं मी सांगतो आणि ते लिहून घेतात.

एक गोष्ट मात्र मी तिथे सांगत नाही. त्या दुपारी मॅनेजरचा आवाज कानावर पडला तेव्हा मला आनंद झाला होता. आदल्या दिवसापासून हवं होतं ते हाती लागलं होतं. नवऱ्याच्या घरच्या कुणाला बोलावून घ्यावं, आधी आपण एकट्याने ऐकावं, त्याला बाहेर बसवावं, यातलं काहीच मला सुचलं नाही. तो माझ्यापासून हातभर अंतरावर बसला होता. व्हिडिओ बंद केल्यावर त्याने आधी फोनकडे पाहिलं आणि मग एकदा माझ्याकडे. त्या वेळी माझ्या चेहऱ्यावर काय होतं, हे मला माहीत आहे. ते त्याने पाहिलं.