रोहिणीच्या नावाचे दोन अर्ज

१. मागच्या वर्षी आजच्याच दिवशी सकाळी रोहिणी गेली. डेंगी. पाच दिवस.

२. त्यानंतर एकोणचाळीस दिवसांनी आम्ही दोघी सायकलवर चांदोलीला निघणार होतो. राष्ट्रीय उद्यानाच्या कडेकडेने, तीन दिवस, दोन मुक्काम, एक तंबू.

३. त्याच रस्त्याने ती आणखी एकीबरोबर जाणार होती. हे मला ती गेल्यावर कळलं.

४. त्यावर मी जे केलं, ते वर्षभर कुणाला सांगितलं नाही. आज लिहिते आहे.

रोहिणी मूळची वडूजची. साताऱ्यात तिचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं.
मी डिझाइन इंजिनिअर. मागचं चाक आउट झालं म्हणून तिच्याकडे गेले आणि पुढे तीन वर्षं जात राहिले.

ती स्पोकला टिचकी मारायची, आवाज ऐकायची आणि चाक सरळ करायची. एकदा मी मीटर नेऊन ताण तपासला.
बरोबर होता.
मला ते फारसं आवडलं नव्हतं.

ट्रिपची शीट मी आठ महिने खपून बनवली. प्रत्येक किलोमीटरचा चढ, पाण्याच्या जागा, तंबू कुठे लावू देतात, कुठे नाही. दोघींच्या कॅरिअरवरचं वजन. तिचं बारा किलो चारशे ग्रॅम, माझं अकरा नऊशे.

"आगं, डबा खाल्ला की वजन कमी हुतंय. ते धरलंस का?"
"धरलंय. शेजारच्या कॉलममध्ये."
ती इतकी हसली की हातातला पाना खाली पडला.

सामान लादून एक ट्रायल राइड करायची, अशीही एक ओळ शीटमध्ये होती. ती तारीख तिने तीनदा पुढे ढकलली.
"जाऊया की. तू म्हणशील तवा."

दहाव्याला मी वडूजला गेले. तिच्या आईने माझा हात धरला.
"पलूसची संगीता तुमीच का?"
"नाही. मी साताऱ्याची."
"आसं व्हय," म्हणाल्या आणि हात सोडला.

थोड्या वेळाने खरी संगीता आली. पलूसला तिची द्राक्षबाग आहे. आई तिच्या गळ्यात पडून रडल्या. घरातल्या सगळ्यांना ती माहीत होती.

मग ती माझ्याकडे आली.
"पाणी मिलीलिटरात मोजणाऱ्या त्या तुमीच ना? रोहिणी लय सांगायची तुमचं."
म्हणजे तिला मी माहीत होते. मला ती नाही.

"म्हणायची, मॅडमसंगं एकदम गेले तर श्वास बी मोजून घ्यायला लागंल. म्हणून आदी तुझ्यासंगं रस्ता बघून येते, मग तिच्यासंगं जाते. ट्रायल बी मारली आमी. सांगलीत धा किलोची गुळाची ढेप घेतली, तिच्या कॅरेजला बांधली आन पलूसपातूर आलो. वाटंत फोडून खाल्ली बी."

ती हे सांगताना हसत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.
माझ्या डोळ्यांत नव्हतं.
मला त्या गुळाचा राग आला होता.

आठवड्याने उद्यानाच्या परवानगीच्या ऑफिसमधून फोन आला. आमच्या अर्जावर नंबर माझा होता.
"मॅडम, या रोहिणीच्या नावानं दोन अर्ज आहेत. तारखा वेगळ्या, सोबतचं नाव वेगळं. कुठला धरायचा?"
म्हटलं, मेल करते.

मी लिहिलं: "दोन्ही अर्जांतील सदर व्यक्तीचे निधन झाले आहे. कृपया दोन्ही अर्ज रद्द करावेत."

वाक्यं दोन. एकही शब्द खोटा नाही.
पण दुसरा अर्ज माझा नव्हता.

दोन दिवसांनी संगीताचा फोन.
"आवं, माझा अर्ज रद्द झालाय म्हणं. मी एकटी का हुईना जाणार हुते. तिच्या आईला तसा शब्द दिलता. कुणी केलं आसंल, तुमाला काय ठाव हाय का?"
"नाही," मी म्हणाले.
"आसू द्या. पुना अर्ज करंस्तवर बागंचं काम निघंल. मग न्हाई जमायचं."

नाहीच जमलं. ती गेली नाही. मीही गेले नाही.

लोक म्हणाले, मी रोहिणीच्या जाण्याने गप्प झाले आहे. मी तसं म्हणू दिलं. तो मेल मी दुःखाने लिहिला नव्हता, जळून लिहिला होता. मी नकाशावर ओढलेला घाट माझ्याआधी संगीताने चढू नये, एवढंच त्यामागे होतं.

ते अजून पूर्ण गेलेलं नाही. सांगली ते पलूस हा रस्ता मी आजही सायकलने करत नाही.

रोहिणी, तू दोघींना हो म्हणालीस आणि दोघींना खरंच नेणार होतीस, हे मला आता समजतं. तरी तू मला सांगायला हवं होतंस.
आठवण येते. दुकानासमोरून जाताना जास्त येते.
येते मी.

आणि संगीता,
हे इथे लिहिण्याआधी तुम्हाला सांगायला हवं होतं. दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा बागेचं विचारून ठेवला.

तो मेल मी केला होता. तुमची माफी मागते.

शीट तुम्हाला पाठवली आहे. नवीन अर्ज भरून ठेवला आहे, डिसेंबरमधल्या पहिल्या शुक्रवार ते रविवारचा. पहिलं नाव तुमचं, दुसरं माझं. एकटीने जायचं असेल तर माझं नाव काढून अर्ज देते.

अर्ज घेणं गुरुवारी बंद होतं. कृपया बुधवारी संध्याकाळी सहापर्यंत कळवा, एक नाव की दोन.