नानांच्या पाटावर ड्रायव्हर

पितराच्या पाटावर कुणाला बसवावं, याला काही रीतभात आहे की नाही? आमच्या ह्यांनी त्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जो माणूस घरात आणला, त्याला पाहून माझ्या हातातला पुरणाचा गोळा परातीत पडला. अजून आठवलं की छातीत धस्स होतं.

नीट सांगते. आमची कॉलनी धुळ्याला, देवपूरच्या टोकाला, हायवेच्या सर्व्हिस रोडला लागून. पलीकडे सरकीच्या पेंडीचं गोदाम झालं आणि आमची झोप उडाली. माल उतरवायचा नंबर लागेपर्यंत ट्रक रात्र रात्र आमच्या भिंतीला चिकटून उभे. राहा बाबा उभे, रस्ता काही आमच्या बापाचा नाही. पण इंजिनं चालू! हल्ली नव्या गाड्यांच्या केबिनमध्ये एसी असतो, आणि इंजिन बंद केलं की तोही बंद. मग रात्रभर नुसती घुर्र घुर्र, मांडणीतले पेले किणकिणतात, आणि धूर सगळा आमच्या पुढच्या खोलीत.

त्या खोलीत नानांची खाट होती. नाना म्हणजे माझे सासरे. त्यांना दमा. गेल्या उन्हाळ्यात तर पाठीला उशा लावून बसूनच असायचे, आडवं झालं की श्वास कोंडायचा. सकाळी मी चहा घेऊन गेले की एकच म्हणायचे, "माय, जराशी झोप लागू दे वं." शहरात आयुष्य काढलं, पण दुखलं-खुपलं की नाना अहिराणीतच बोलायचे. चहा नको, औषध नको, फक्त झोप. पावसाळ्यात गेले. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. मी म्हटलं, वय-बिय काही नाही, या ट्रकवाल्यांच्या धुरानं माझे सासरे नेले. चारचौघांत म्हटलं आणि आजही म्हणते.

मग मी कंबर कसली. कॉलनीतल्या बायका गोळा केल्या, कॉलनीच्या अध्यक्षांना पुढे घातलं, पोलीस चौकीत जाऊन बसले. यंदा उन्हाळ्यात पोलिसांची गाडी फिरायला लागली. इंजिन चालू दिसलं की दंड. तरी एखादा चुकार असायचाच. आखाजीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी एक ट्रक बरोबर आमच्या फाटकाशी घुरघुरत होता. मी लाटणं घेऊन गेले आणि केबिनचं दार असं बडवलं की शेजारची कुत्री भुंकायला लागली. आतून एक माणूस उठला. पन्नाशीचा, दाढीची पांढरी खुंटं, डोळे लालभडक. मी म्हटलं, "तुमच्यामुळे माझा सासरा गेला! बंद करा आधी!" त्यानं चावी फिरवली आणि तसाच बसून राहिला. मी मान ताठ करून घरी आले.

आता आखाजीचं ऐका. आमच्या खानदेशात आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात, तिच्यावर खरबूज ठेवतात आणि एका पुरुषाला पाटावर बसवून जेवू घालतात. तो पितर. तो जेवल्याशिवाय घरातलं कुणी तोंडात घास घालत नाही. आमच्या घरी आणखी एक आहे. पितर उठायच्या आधी सुनेनं हात जोडून विचारायचं, "मन भरलं का? काही राहिलं का?" तो मागेल ते द्यायचं. एरवी पारोळ्याहून आमचे एक म्हातारे भाऊबंद यायचे आणि दरवर्षी तपकीर मागायचे. यंदा तर नानांची पहिली घागर. ती रिकामी गेली असती तर नाना तहानलेले राहिले असते, असं मला वाटत होतं. हसा हवं तर.

आणि नेमका सकाळी पारोळ्याहून फोन. भाऊबंदांना ऊन लागलं, सलाईन लावलंय. मी डोक्याला हात लावला. आखाजीला मोकळा पुरुष मिळणार कुठे? जो तो आपापल्या घरी, आपापल्या पितराच्या पुढ्यात. हे म्हणाले, "थांब, बघतो." आमचे हे म्हणजे गरीब गाय. कधी कुणाला मोठ्यानं बोलले नाहीत. ते गेले आणि जरा वेळानं परत आले, तर मागे तो लाल डोळ्यांचा माणूस! ओले केस, धुतलेला शर्ट, अनवाणी.

"अहो, शुद्धीवर आहात का?" मी ह्यांना स्वयंपाकघरात ओढलं. "ज्यांच्या धुरानं नाना गेले, त्यांनाच नानांच्या पाटावर?"

"आज घराबाहेर तोच एक आहे," हे म्हणाले. "शिंदखेड्याकडचा आहे. त्याच्याही घरी आज घागर भरलीय, आणि हा इथे नंबर धरून बसलाय."

बाहेर तो पाटाजवळ अवघडून उभा होता. मला बघून चपापला. "अक्का, तुम्हीच का? मग जातो मी."

आता दारी आलेला पितर परत पाठवायचा? "बसा," एवढंच म्हटलं. ह्यांनी त्याच्या पायावर पाणी घातलं, कपाळाला गंध लावलं, डोक्यावर नवी टोपी ठेवली. मी वाकून नमस्कार केला तेव्हा अंगावर काटा आला, आणि तो भक्तीचा नव्हता. संतापाचा होता.

खापरावरची पुरणपोळी, आमरस, कटाची झणझणीत रशी, कुरडया, सगळं वाढलं. माणूस जेवत होता खाली मान घालून. हे विचारत होते, तो थोडं थोडं सांगत होता. गोदामवाले आत उभं राहू देत नाहीत. गाडी हलवली तर नंबर जातो. इंजिन बंद केलं की केबिनचा तवा होतो, काच उघडी टाकली की मच्छर, आणि डोळा लागला तर कुणी डिझेल काढून नेतं. "डिझेल जाळायची आम्हाला काय हौस आहे, दादा?" मी ऐकून न ऐकल्यासारखं करत होते. म्हटलं, खा आणि जा.

तेवढ्यात अध्यक्ष दारात. पितर पाहून त्यांच्या तोंडाचा चंबू झाला. "वहिनी, तुम्ही? तुम्हीच याला जेवू घालताय? फाटकातली गाडी हलवायला सांगा, मी बाहेर थांबतो." आणि फणकाऱ्यानं गेले. माझे कान तापले. आता कॉलनीभर होणार, हे मला कळून चुकलं.

मी घाईघाईनं पाण्याचा तांब्या घेतला. एकदाचं विचारायचं आणि मोकळं व्हायचं. हात जोडले. "मन भरलं का? काही राहिलं का?"

त्यानं घास हातातच धरला होता. पापण्या मिटत होत्या. मान एकदा छातीवर पडली, सावरली. मी कोण, हे घर कुणाचं, त्याला काही भान नव्हतं. घरच्या माणसाशी बोलावं तसा बोलला, "माय, पोट भरनं. आते जराशी झोप लागू दे वं."

तांब्या माझ्या हातून सुटला. पाणी घरभर झालं. मी ह्यांच्याकडे पाहिलं, हे माझ्याकडे. तोच शब्द, तोच सूर, देवा! नानांना मी ती झोप देऊ शकले नव्हते. पंखा लावला, उशा रचल्या, नवस बोलले, पण झोप काही देता आली नाही. आणि आता पाटावरून कुणी तीच मागत होतं, आणि मी कालच ती लाटण्यानं मोडली होती.

पितरानं मागितलं ते द्यायचं. पुढच्या खोलीत नानांची खाट होती. ते गेल्यापासून तिच्यावर कुणी बसलंही नव्हतं. मी चादर झटकली, कूलरमध्ये पाणी ओतलं. ह्यांनी त्याला दंडाला धरून नेलं. टोपी डोक्यावर तशीच, हात खरकटे तसेच. आडवा झाला आणि दोन श्वासांत घोरायला लागला. आडवा! त्या खाटेवर इतक्या दिवसांनी कुणी आडवं होऊन झोपलं होतं. मी दारात उभी राहून रडले. राग कुठे गेला मला माहीत नाही. सगळा गेला असंही नाही.

तेवढ्यात खिडकीतून घुर्र घुर्र. मी दचकले. ट्रक तर बंद होता. बाहेर पाहिलं तर अध्यक्षांची मोटार, आमच्या खिडकीखाली. काचा बंद, इंजिन चालू, आत एसीत बसून वाट बघतायत. धूर सरळ खोलीत.

मी अनवाणीच धावले. फरशी पोळत होती. काचेवर अशी थाप मारली की बिचारे उडालेच.

"इंजिन बंद करा आधी!"

"वहिनी, ऊन केवढं आहे," ते काच खाली करत म्हणाले. "आणि त्या ड्रायव्हरला उठवा की."

"कुणाला उठवू?" मी म्हटलं. "घरात नाना झोपलेत."

बोलून गेले आणि माझा मलाच धक्का बसला. अध्यक्षांनी चावी फिरवली. मी आत आले, ह्यांचं आणि माझं पान वाढलं, आणि भांड्याचा आवाज होऊ न देता आम्ही जेवायला बसलो.