ताईच्या जुन्या पायाचा आवाज

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. सत्कार समारंभांवर तर त्याहून नाही. तरी तेल्हाऱ्यातल्या एका सत्कारात जे घडलं ते सांगतो... शेतकरी आत्महत्यांमुळे आमच्याकडे पुढाऱ्यांच्या गाड्यांची रीघ लागली होती, त्या वर्षांतली गोष्ट.

माझी ताई जन्मापासून लंगडायची. मायनं पोटुशी असताना ग्रहणात भाजी चिरली म्हणून – हे गावानं मायला चाळीस वर्षं ऐकवलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितलं, खुब्याची वाटीच नीट घडलेली नाही. तान्हेपणी काही महिने पट्टा बांधला असता तर बहुतेक सरळ चालली असती. आता सांधा बदलावा लागेल. एवढं साधं वाक्य गावात कोणाला सुचलं नव्हतं. ग्रहण मात्र सगळ्यांना ठाऊक.

ऑपरेशन छान झालं. आमच्या भागातल्या एका पुढाऱ्यानं, सगळे त्यांना साहेब म्हणत, त्यासाठी एक शिफारसपत्र दिलं होतं. बदल्यात त्यांना आपल्या सत्कारात ताई स्टेजवर हवी होती, चालताना. काठी सोडायची नाही, पडली तर नवा सांधा निखळेल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. साहेबांचा माणूस म्हणाला, "काठी बाजूला ठेवा न ताई, फोटोत येते."

"अन् पडली तं? तुमी उचलसान काय?" ताईनं विचारलं.

त्यानं हसत काठी काढून घेतली. मी उठेपर्यंत साहेबांनी माइकवर घोषणाही केली – "हिला आम्ही चालवलं."

ताई चालली. सरळ. पायात रबरी तळाचे बूट, आवाज होण्याचं कारणच नाही. पण फळ्यांवर वाजत होतं ते तिचं जुनं चालणं... एक पाय ठाम, एक घसटत. साहेब बोलायचे थांबले. घाबरून ताईही मधेच थांबली.

आवाज थांबला नाही. पायऱ्या उतरला, पहिल्या रांगेपर्यंत आला. तिथं माय बसली होती. मोतीबिंदूमुळे तिला दिसत नाही. ताईला ती पायांवरूनच ओळखते. माय सोफ्यावर सरकली, उजवीकडची जागा थोपटून म्हणाली, "बस माय, थकली असशीन."

मी काठी हिसकावून घेतली आणि ताईला उतरवून आणलं. माइकवाला नंतर म्हणाला, साउंडमध्ये घुमत होतं. असेल. पण पहिल्या रांगेपुढे गालिचा होता, आणि गालिच्यावर पाऊल वाजत नाही.

ताई आता काठीशिवाय चालते. माय अजून बसताना उजवीकडे जागा सोडते. मी असलं काही मानत नाही... पण तिथं बसतही नाही.