ऐरणीचा ढग आणि अकरा नावं

आधीच सांगतो, या ग्रुपवरचे भुताखेतांचे बहुतेक अनुभव वाचून मला हसू येतं. पिंपळावरची बाई, घुंगरांचा आवाज, अमावस्येला बंद पडलेली गाडी... माणसं पेट्रोल भरायला विसरतात आणि दोष भुताला देतात. मी बी.एस्सी. ॲग्री. हे लिहितोय तेसुद्धा चिडून, कारण मला उत्तर सापडत नाहीये.

जाफराबादपासून सहा किलोमीटरवर आमच्या कंपनीचा मिरचीच्या संकरित बियाण्याचा प्लॉट होता, आणि मी तिथला सुपरवायझर. लोखंडी पाइपांवर ताणलेलं एकरभर शेडनेट आणि आत काम करणाऱ्या अकरा बाया. उद्या उमलणारी कळी आज दुपारीच चिमट्याने उघडून तिच्यातले पुंकेसर काढावे लागतात, नाहीतर संकर होत नाही. आज राहिली की ती कळी वाया. म्हणून माझे दोन नियम होते. ओळ संपल्याशिवाय कुणी बाहेर यायचं नाही, आणि सगळ्यांचे मोबाइल गेटवरच्या बादलीत. या नियमांचा मला फार अभिमान होता.

ऑक्टोबरचा उकाडा. दुपारी तीनला मी जाफराबादच्या स्टँडसमोर चहा पीत होतो. प्लॉटच्या बाजूला ढग चढला होता — खाली काळा, आणि माथा लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट पसरलेला. असा ढग म्हणजे विजा, वादळ, गारा. हे मी परीक्षेत पाच मार्कांना लिहिलं होतं. चहावाला म्हणाला, "साहेब, हा ढग बराबर न्हाई. बायांना जल्दी बाहेर काढा."

मी त्याला मोबाइलवरचं ॲप दाखवलं. त्यात ऊन होतं. काय हुशारी... समोर ऐरण, आणि मी स्क्रीनवरचा सूर्य दाखवतोय.

तरी मी प्लॉटवर फोन लावला. बायांना बाहेर काढायला नव्हे, ढग बघून कुणी काम सोडू नये हे सांगायला. मुकादम कौसाबाईंचा फोन नुसता वाजत राहिला. तो बादलीत होता ना.

मग वारा सुटला आणि गारा सुरू झाल्या. अर्धा तास मी स्टँडच्या छताखाली अडकलो. प्लॉटवर पोचलो तेव्हा शेडनेट जमिनीवर होतं. पाइप पिळवटलेले, कोपऱ्यातल्या खांबावर वीज पडलेली, बादली उलटी. खोटं कशाला सांगू, मी खाली बसलो.

तेवढ्यात शेजारच्या आखाड्यावरच्या, म्हणजे शेतघराच्या, पक्क्या खोलीतून बाया बाहेर आल्या. मी मोजल्या. अकराच्या अकरा.

"तुम्हीच आल्ते ना, साहेब," एक जण म्हणाली. "हीच टोपी घालून गेटावर उभं राहून हाका मारून राह्यले व्हते. हातातला चिमटा टाका म्हणले. आमी पळालो, आन् मागं सगळं खाली आलं."

बायांची ही गोष्ट कंपनीपर्यंत गेली. पुढच्या आठवड्यात कंपनीने प्रसंगावधानाबद्दल माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ, फोटो. मी ते घेतलं. इतका कोडगा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

नंतर कौसाबाईंना बाजूला घेऊन विचारलं. मला वाटत होतं, बाईंनीच सगळ्यांना बाहेर काढलं असेल आणि माझं नाव पुढं केलं असेल.

"न्हाई हो," त्या शांतपणे म्हणाल्या. "म्या बी गेटावर तुम्हालाच पाह्यलं. पण मला तवाच कळलं, हे आपले साहेब न्हाईत."

"कशावरून?"

"त्यानं एकेकीला नावानं हाक मारली. पार मागल्या ओळीतल्या नजमाला बी. तुम्ही तर आमाला ओळीच्या नंबरानं बोलावता."

आता खुशाल हसा. भास म्हणावा तर अकरा जणींना एकच भास कसा? कुणी गावकरी म्हणावा तर माझा चेहरा, माझा आवाज कसा? मी तर सहा किलोमीटरवर होतो, चहावाला साक्षीला आहे. मी पुष्कळ डोकं लावलं, काही हाती लागलं नाही. चेहरा आणि आवाज एक वेळ सोडून देऊ. पण नावं?

तीन हंगाम त्या माझ्या हाताखाली राबत होत्या, आणि त्या दिवशी कौसाबाई सोडल्या तर मला एकीचंही नाव माहीत नव्हतं.