पांढरी बाटली, तपकिरी बाटली

१९७२ साल, संक्रांतीनंतरचा पहिला मंगळवार, सकाळची वेळ. त्या दिवशी कोपरगाव तालुक्यातल्या गिरमेवस्तीवर अन्याय झाला. एकदोघांवर नाही, वस्तीवरच्या प्रत्येक घरावर, गुराढोरांसकट. तो करणारा माणूस वाईट नव्हता. तो माझ्या वर्गातला होता आणि वर्गात माझ्या पुढे होता.

वस्तीच्या वरच्या अंगाला साखर कारखाना आहे. नाव लिहीत नाही, कारण हा प्रकार एकाच कारखान्यात होतो असं कुणाला वाटायला नको. कारखान्याला लागून डिस्टिलरी. साखर काढल्यावर उरलेली मळी तिथं आंबवतात, तापवतात, स्पिरिट काढून घेतात. मागं उरतं ते काळं, कढत, आंबूस पाणी. त्याला स्पेंट वॉश म्हणतात. ते सरळ ओढ्यात सोडलेलं. ओढ्याकाठी वस्तीची विहीर, तिचं पाणी पिवळं पडलं, वास मारू लागलं. बायका हंडे घेऊन कॅनॉलपर्यंत चालू लागल्या. वस्तीची मागणी एवढीच होती की कारखान्याच्या कॉलनीच्या टाकीवरून आम्हाला एक नळ द्या.

कारखान्याचे चेअरमन सगळ्यांदेखत म्हणाले, "ओढा खराब झालाय असं शास्त्रानं ठरू द्या, नळ देतो. आपला केमिस्ट तपासेल."

आपला केमिस्ट म्हणजे सुधाकर जगताप.

इथं हेव्याचं सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं खोटं वाटेल. जगताप आणि मी एकाच वर्षी एम.एस्सी. झालो. तो कारखान्यात लागला, मी कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर. म्हणजे मुलांना ब्युरेट उभी कशी धरायची ते दाखवणारी बाई. आमच्या लॅबचा तराजू पंख्याच्या वाऱ्यानंसुद्धा झुलतो. एकदा काही काम काढून मी जगतापची लॅब बघायला गेले. भिंतींना पांढऱ्या फरशा, डिस्टिल्ड वॉटरचा स्वतंत्र प्लँट, फ्रिज. आणि कपाटात ओळीनं मांडलेल्या, घासून बसवलेल्या बुचाच्या काचेच्या बाटल्या. पाण्यातला ऑक्सिजन मोजायला त्याच लागतात. माझ्याकडे तसल्या दोनच, त्याही जुन्या सरांकडून मागून आणलेल्या. माझ्या पोटात दुखलं.

"काय बघताय, मिस पवार?" जगतापनं विचारलं.

"काही नाही. फरशी छान आहे."

त्या मंगळवारी त्याची जीप ओढ्यावर आली तेव्हा वस्तीवरून निरोप आल्यामुळे मी सायकलनं आधीच पोचले होते. शिपायानं बादली बुडवली आणि बादलीतून बाटल्यांत पाणी ओतलं. भडभडा, बुडबुडे काढत. बाटल्या गळ्यापर्यंतसुद्धा भरल्या नाहीत. बुचं लावली, खोक्यात ठेवल्या.

यात काय बिघडलं ते सांगते. पाण्यात थोडा ऑक्सिजन विरघळलेला असतो, मासे त्यावर जगतात. स्पेंट वॉश पाण्यात गेलं की ते कुजतं आणि कुजताना तो ऑक्सिजन खाऊन टाकतं. म्हणून पाण्यात किती ऑक्सिजन उरलाय यावरून ओढा जिवंत की मेलेला ते कळतं. पण बाटलीत हवा राहिली आणि ती हिंदकळली, तर बाहेरचा ऑक्सिजन पाण्यात शिरतो. मेलेलं पाणी जिवंत दिसायला लागतं. म्हणून बाटली पाण्याखाली धरून, बुडबुडा न ठेवता भरायची आणि काठावरच तिच्यात दोन औषधं सोडायची. त्यांनी ऑक्सिजन आहे तिथंच बांधला जातो. याला आम्ही फिक्स करणं म्हणतो.

"जगताप, इथं फिक्स करा ना," मी म्हटलं.

"अहो, रीएजंट लॅबमध्ये आहेत. कालच ताजे केलेत. इथं धुळीत कशाला? लॅबमध्ये व्यवस्थित करतो."

इतकी चांगली लॅब असली की माणसाला सगळं तिथंच करावंसं वाटतं. माझ्याकडे तसली लॅब नव्हती, म्हणून माझी औषधं पिशवीत असायची. जीप बैलगाडीच्या चाकोरीतून उड्या मारत गेली. खोक्यातल्या बाटल्यांची खळखळ मला बांधापर्यंत ऐकू येत होती.

रिपोर्ट आला. ओढ्यात ऑक्सिजन पुरेसा. नळ नामंजूर.

मी पत्रक काढलं. आम्हा काही विज्ञानवाल्यांचं एक छोटं मंडळ होतं, त्याची तीच सवय, अन्याय दिसला की पत्रक. 'ओढा मेला आहे! ऑक्सिजन शून्य! जाब विचारा!' असं ठळक टाइपात छापलं आणि वस्तीवर वाटलं. कौसाबाई गिरमे ही वस्तीतली सगळ्यात तिखट बाई. तिनं सुनेकडून ते वाचून घेतलं.

"आक्शिजन म्हंजे दवाखान्यात नाकाला नळी लावत्यात, त्यो व्हय?"

"तोच, मावशी."

"मंग वढ्याला कशाला लागतोय? वढा काय आजारी हाय?"

"आजारी नाही, मेलाय."

"मेलेल्याला आक्शिजन लावून काय उपेग?"

बायका हसल्या. मी चिडले. त्याच चिडीत चेअरमनना गाठून म्हटलं की तुम्ही या, तुमच्या केमिस्टला आणा, सगळ्यांदेखत ओढ्यावर करून दाखवते. पत्रकाची पुढची आवृत्ती नको म्हणून असेल, ते हो म्हणाले.

ठरल्या दिवशी वस्ती लोटली. माझ्याकडच्या दोन्ही बाटल्या मी पाण्याखाली धरून भरल्या. एक कारखान्याच्या वरच्या अंगाला, जिथं ओढ्यात नुसता कॅनॉलचा पाझर येतो तिथली. दुसरी वस्तीखालच्या डोहातली. दोन्हींत काठावरच औषधं सोडली, बुचं लावून उलटीसुलटी केली आणि खाली बसले. रसायनाचा नियम असा की ऑक्सिजन असेल तर तळाशी तपकिरी साका बसतो. नसेल तर साका पांढराच राहतो.

वरची बाटली झकास तपकिरी झाली. डोहातली पांढरी, साबुदाण्याच्या खिरीसारखी. याहून स्वच्छ निकाल मी कॉलेजात कधी पाहिला नव्हता. दोन्ही बाटल्या उंच धरून मी ओरडले, "बघा! आता तरी दिसलं?"

"दिसलं की," चेअरमन शांतपणे म्हणाले. "आमच्या कारखान्याच्या वरचं पानी निघालं गढूळ. आन् आमच्याखालचं पांढरंशुभ्र. काय मंडळी?"

गर्दीत कुणी तरी म्हणालं, "व्हय की. पांढरं चांगलं दिसतंय."

"अहो, उलट आहे! पांढरं म्हणजे वाईट!"

"ऐका," चेअरमन म्हणाले. "बाईंच्या शास्त्रात पांढरं वाईट असतं." हशा झाला. कौसाबाई माझ्याकडे बघत म्हणाली, "पोरी, तुझीच बाटली तुझ्यावर उलाटली गं."

मी मँगनीज, हायड्रॉक्साइड, आयोडाइड असं सगळं सांगत सुटले. जितकं सांगितलं तितकं माझंच हसं झालं. आयुष्यभर रंगांवरून निकाल वाचणाऱ्या आम्हा लोकांना हे सुचतच नाही की बाकी जगात पांढरं म्हणजे चांगलं.

जगताप मात्र हसत नव्हता. त्यानं माझ्या हातातून डोहाची बाटली घेतली आणि उन्हात धरून पाहिली.

"तुमची औषधं जरा देता?" तो म्हणाला.

आज त्यानं आपल्या कपाटातली एक बाटली आणली होती. पँट दुमडून तो डोहात उतरला. नव्या बुटांसकट. बाटली पाण्याखाली भरली, औषधं सोडली. साका पांढराच बसला. तो वर आला आणि चेअरमनसमोर उभा राहिला.

"साहेब, मिस पवार बरोबर सांगताहेत. पांढरं म्हणजे पाण्यात ऑक्सिजन नाही. डोह मेलाय."

"आन् तुझा रिपोर्ट?"

"चुकला. बाटल्या जीपमधून हिंदकळत नेल्या, हवा मिसळली. चूक माझी."

मग पहिली कौसाबाई बोलली. "ऐकलंसा का चेरमनसायब? तुमचाच सायब म्हनतोय, पानी मेलंय म्हनून. आता नळ कवा देताय?" मघाचे हसणारेच तिच्यामागं उभे राहिले. चेअरमननी शब्द सगळ्यांदेखत दिलेला होता. नळ मंजूर झाला.

वाक्य तेच होतं. मी छापलं, ओरडून सांगितलं, बाटलीत दाखवलं. लोकांना पटलं ते त्याच्या तोंडून. नळाला पाणी आलं त्या दिवशी नारळ फोडायचा मान जगतापला मिळाला. गळ्यात हारही त्याच्याच. मी मागं बायकांत उभी होते. कौसाबाईनं मला गूळखोबरं दिलं आणि समजूत घातली, "तू बी लई खटपट केलीस हो. पन सायबानं सांगितलं तवा कुठं कळलं." चूक त्यानं केली आणि चूक कबूल केली म्हणून हारही त्यालाच. मी पहिल्यापासून बरोबर होते, त्याला काही समारंभ नसतो. पुढं कारखान्यानं त्याला सांडपाण्याच्या अभ्यासासाठी पुण्याला पाठवलं. तिथलं पाण्याचे नमुने एका तापमानात ठेवायचं इन्क्युबेटर कसलं असेल, या विचारानं मला अजून अधूनमधून जेवण जात नाही.

त्यानं नोकरी पणाला लावली, हे मला कळतं. कळल्यानं पोटातलं दुखणं थांबत नाही.

या सगळ्यातून मी शिकले ते इतकंच: बाटली दाखवण्याआधी कुठला रंग वाईट ते सांगून ठेवावं. वस्तीला नळ मिळाला, पण डिस्टिलरीचं पाणी आजही त्याच ओढ्यात पडतं. ओढ्याला खालीही गावं आहेत, आणि त्यातल्या एखाद्यात तुम्ही राहत असाल.

तेव्हा नुसती हळहळ नको. तुमच्या ओढ्यावर नमुना घ्यायला जीप आली की हातातलं काम टाकून काठावर जा. बाटली पाण्याखाली भरायला लावा. औषध इथंच, आमच्यासमोर घाला म्हणा. साहेब कितीही शिकलेला असो, ऐकत नसेल तर जीपच्या आडवे उभे राहा आणि ती बाटली गावाबाहेर जाऊ देऊ नका.