केवड्याची मूलटोपी

"बघितलंय का? नाही ना? मग बोलू नका!"

एवढं म्हणून बाई टेबलावर हाताचा पंजा आपटायच्या. खडूची भुकटी उडायची. हे वाक्य त्या विद्यार्थ्यांना ऐकवत, प्राचार्यांना ऐकवत, आणि 'वांग्यात कीड नाही' असं छातीठोक सांगणाऱ्या भाजीवाल्यालाही ऐकवत. तुमच्याही ओळखीत असं एखादं रागीट माणूस असेल. त्याच्या रागाला आपण हसतो आणि तो राग कशावर आहे हे विचारायचं विसरतो.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. बेलापूरला आमचं ज्युनिअर कॉलेज तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये भरत असे. मी रसायनशास्त्र शिकवायचो, बाई वनस्पतिशास्त्र. प्रयोगशाळा एकच, बेसिनही एकच. माझ्या परीक्षानळ्या आणि बाईंचं शेवाळ त्यात एकत्र धुतलं जाई. त्यावरूनही भांडणं व्हायची. ती दर वेळी त्याच जिंकायच्या.

एकदा त्यांनी वर्गात विचारलं, "मुळाच्या टोकाला काय असतं?"

"मूलटोपी!" सगळा वर्ग ओरडला.

"कशी असते?"

"टोपीसारखी!"

बाईंचा पंजा टेबलावर पडला. "बघितलीय कोणी? चला, उठा. चपला हातात घ्या."

शेडच्या मागे खाडीकडे उतरताना केवड्याचं बन होतं. केवड्याला खोडातून जाड मुळं फुटतात आणि चिखलाच्या दिशेनं लोंबत राहतात. मूलटोपी बघायला एरवी भिंग लागतं, पण केवड्याची टोपी शिवणकामाच्या अंगुस्तानाएवढी. नुसत्या डोळ्यांनी दिसते. मुलं चिखलात उतरली तोच कोयता घेऊन एक म्हातारी धावत आली. ती गावातली. तिची शेतजमीन नव्या शहरासाठी गेली होती. राहिलं होतं ते हे बन. गणपतीत त्यातलं कणीस विकून तिचा सण व्हायचा.

"कोन रं तुमी? माज्या केवऱ्यान काय करताव?"

"आजी, ओरडू नका! मुलं शिकतायत!" बाई ओरडल्या.

"तूच वरडतेस, बाय!"

म्हातारीच आधी हसली. बाईंनी एका मुळाच्या टोकावरची टोपी अलगद सरकवून तिच्या तळहातावर ठेवली. आत पांढरट, ओलसर, कोवळं टोक होतं.

"वाढ या टोकात होते," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता. "इतकं कोवळं असतं, की नुसतं मातीत घुसलं तर सोलून निघेल. म्हणून ही टोपी पुढे राहते. खडे, माती, सगळं हिच्यावर घासतं. झिजते, गळते, आतून परत नवी येते."

म्हातारीनं ती टोपी बोटाच्या टोकावर चढवून बघितली. "येवरी वरसां कापतंय मी. माज्या केवऱ्याला टोपी हाय, मना कोनी नाय सांगलां."

त्यानंतर दर वर्षी वर्ग बनात जाऊ लागला. म्हातारी कोयत्यानं वाट करून द्यायची आणि मुलांवर बाईंपेक्षा जास्त ओरडायची.

मग कॉलेजला स्वतःची इमारत मंजूर झाली. भूमिपूजनाला बडे पाहुणे यायचे होते. बनाची जागाही कॉलेजच्या नावावर आली होती; पाहुण्यांच्या गाड्यांसाठी ते तोडायचं ठरलं. सभेत बाई उभ्या राहिल्या. "निदान एक कोपरा ठेवा. मुलांना दुसरीकडे कुठे दाखवू?"

संस्थेचे सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, केवड्यात नाग असतो. पालकांना काय सांगायचं?"

"नाग बघितलाय तुम्ही तिथं?"

"तसं प्रत्यक्ष नाही, पण..."

"मग बोलू नका!"

आम्ही सगळे मोठ्यानं हसलो. सेक्रेटरी हसले नाहीत. बाईंची नेमणूक तात्पुरती होती, दर वर्षी जूनमध्ये नवी ऑर्डर निघायची, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

भूमिपूजनाच्या आदल्या दिवशी, रविवारी, कॉलेज बंद असताना बन तोडून पेटवून दिलं. सोमवारी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा बुंधे धुमसत होते. म्हातारी राखेशेजारी बसली होती, हात रिकामे. बाई तिच्याजवळ उकिडव्या बसल्या. ओरडल्या नाहीत. मला तेव्हाच भीती वाटली.

त्यांनी राखेच्या कडेचं एक तुटलेलं मूळ उचललं आणि त्या तडक मंडपात गेल्या. स्टेजवर चढल्या आणि चिखलानं भरलेलं ते मूळ पाहुण्यांच्या पुढ्यात, नारळाशेजारी ठेवलं. माइक ओढून घेतला.

"हे परवापर्यंत वाढत होतं. ही त्याची टोपी. हिच्याआड मूळ वाढतं. माझी मुलं हे बघून शिकली. ज्यांनी हे तोडलं त्यांनी ते एकदाही बघितलं नव्हतं."

सेक्रेटरींनी माइक काढून घेतला. आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या! त्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. मग त्यांनी हिरवाईवर लांबलचक भाषण केलं आणि वृक्षारोपण केलं. रोपाभोवती लोखंडी पिंजरा, त्यावर पाहुण्यांच्या नावाची पाटी. बाई मंडपाबाहेर म्हातारीपाशी उभ्या होत्या.

जूनमध्ये त्यांची ऑर्डर निघाली नाही. कारण दिलं, विद्यार्थी कमी. वर्गात बसायला बाक पुरत नव्हते! मी आणि आणखी दोघे प्राचार्यांकडे गेलो, भांडलो. ते पंख्याकडे बघत म्हणाले, "माझ्या हातात काही नाही." बाई अलिबागकडे कुठल्याशा शाळेत गेल्या, एवढंच कळलं. म्हातारीही पुढे दिसली नाही.

इमारत झाली. पाहुण्यांचं रोप पावसाळ्याआधीच वाळून गेलं होतं. पिंजरा राहिला. दर वर्षी पंधरा ऑगस्टच्या आधी त्याला हिरवा रंग लागायचा. एकदा मी रंगाऱ्याला विचारलं, "अरे, आत काय लावलंय?"

त्यानं ब्रश थांबवून गजांतून आत डोकावून पाहिलं.

"काय नाय, सर. मला फक्त पाटी नीट दिसली पाहिजे म्हणून सांगितलंय."