मिस्त्रींचा राक्षस

आमच्या मारेगावात सिनेमा पाहून आलेला माणूस सकाळपर्यंत स्वतःचं मत सांगत नसे. "कसा होता?" विचारलं की म्हणे, "पाहू ना, मिस्त्री काय म्हणतात ते." स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या सिनेमाबद्दल! मिस्त्री म्हणजे बस थांबते तिथं सायकली, स्टोव्ह, गॅसबत्त्या आणि शेतावरची ऑइल इंजिनं दुरुस्त करणारे, साठीला आलेले मुसलमान गृहस्थ. अक्षरशत्रू. सहीच्या जागी अंगठा. आणि मी कोण? अमरावतीहून बी. ए. झालेला, हायस्कुलात इंग्रजी शिकवणारा, वाचनालयाचा चिटणीस. लोकांनी मला विचारायला हवं होतं की नाही? मी त्या माणसावर जळायचो. आता या वयात लपवून काय करायचं?

कापसाचा हंगाम सरला की टूरिंग टॉकीजचा तंबू पडायचा. खेळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींच्या बाकड्यावर बसायला जागा मिळत नसे. मिस्त्रींना घाई नसायची. बशीतला चहा संपवायचा, हात फडक्याला पुसायचे, एखादा नट पिळायचा आणि मग निकाल. "इंजन लय आवाज करते, पन गाडी जागची हालत नाही," एवढं म्हणाले की संध्याकाळी तंबू ओस. "घरच्यायले घेऊन जा," म्हणाले की बैलगाड्या जुंपल्याच. तंबूचा मालक त्यांना पास पाठवायचा. मिस्त्री तो परत करून तिकीट काढायचे. "फुकटचा पाह्यला त खरं बोलता येत नाही," म्हणायचे. मला त्यातही ढोंग दिसायचं.

छप्पन्न-सत्तावन्नची गोष्ट असेल. मालकानं विलायती राक्षसाचा सिनेमा आणला. खोल खाणीत सुरुंग उडतो आणि आतून झाडाएवढा केसाळ प्राणी वर येतो, अशी गोष्ट. ज्या कादंबरीवरून तो काढला होता ती माझ्या घरी होती, दोनदा वाचलेली! इंग्रजी कोणाला कळणार, म्हणून मालकानं मला भोंग्यावर बसवलं. पडद्यावर चाललेलं मी मराठीत सांगायचं. इस्त्रीचा कोट घालून गेलो. राक्षस खाणीच्या तोंडाशी आला, त्यानं दोन्ही हात उगारले, तसा मी गरजलो, "आता राक्षस गावकऱ्यांवर हल्ला करतो आहे!" बायकांच्या बाजूनं किंकाळ्या आल्या. मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "ओ मास्तर, चुप बसा ना जरासक! राक्षस पाहू द्या!" सगळा तंबू हसला.

तरी सकाळी मी मुद्दाम बाकड्याशी गेलो. आज तरी लोक माझ्याकडे वळतील, ही आशा. किराणावाला म्हणाला, राक्षसाचे दात लाकडाचे होते, साफ दिसत होतं. दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला, एवढ्या उंच प्राण्याचं रक्त डोक्यापर्यंत चढणारच नाही, सगळी बंडलबाजी. एकाला गाणी नव्हती याचंच दुःख. मी घसा साफ केला. "मूळ कादंबरीत काय आहे," मी सुरुवात केली, आणि मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. झालं. सगळ्या माना तिकडे.

"त्यानं हल्ला कुठी केला?" मिस्त्री म्हणाले. "मी वणीकडं खदानीत पंपावर होतो, जवानीत. खालून वर येनाऱ्याच्या डोयाले उजेड सहन होत नाही. तो असे हात वर करते." त्यांनी तेलानं काळे झालेले दोन्ही हात चेहऱ्यापुढे धरले. "बेचारा डोये झाकून राह्यला होता. अन् लोकायनं त्याले बत्त्या दाखोल्या, बंदुका दाखोल्या. सुरुंग लावून मारलं. कायले मारलं? बत्त्या कमी कराच्या होत्या, बस. गेला असता बापडा आपल्या घरी."

"हौ ना," किराणावाला पुटपुटला. कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणात हेच होतं. तिथं सुरुंग नव्हताच. एक म्हातारा कामगार पुढं होऊन एकेक कंदील विझवतो, तो प्राणी हात खाली घेतो, जरा वेळ उभा राहतो आणि खाणीत परत उतरतो. सिनेमावाल्यांनी तो शेवट बदलला होता. दोनदा वाचूनही मी भोंग्यावरून 'हल्ला' म्हणून ओरडलो होतो, आणि इंग्रजीचा एक शब्द न कळणाऱ्या माणसानं तंबूत मांडी घालून बसल्या बसल्या तो शेवट ओळखला होता. मी उठून आलो.

त्या संध्याकाळी तंबू खच्चून भरला. मला भोंग्यावर बोलावणं आलं नाही. आमची मंडळी शेजारणीबरोबर तोच सिनेमा दुसऱ्यांदा पाहून आली, डोळे पुसत. "अहो, खरंच डोळे झाकतो हो तो! तुम्हाला कसं दिसलं नाही?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोन दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही. बिचारीला कारणही कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्री वाचनालयात आले. कधी न येणारा माणूस. चपला बाहेर काढल्या, हात सदऱ्याला पुसले आणि दारातच उभे राहिले.

"मास्तर, लोकं म्हनते, त्या सिनेमाचं पुस्तक तुमी वाचेल हाय. एक इचारू? पुस्तकात बी त्याले मारते का?"

एका वाक्याचं काम होतं. 'नाही मिस्त्री, तुम्ही म्हणालात तस्संच आहे.' पण संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं की मिस्त्रींना न वाचताच पुस्तक कळतं. मग माझ्यापाशी काय उरलं असतं? ते एक पुस्तकच तर होतं.

"मारतात," मी म्हणालो. "पुस्तकातही मारतात."

मिस्त्रींचा चेहरा उतरला. "मंग लिहिनाऱ्याले बी नाही समजलं," ते म्हणाले. मग म्हणाले, "नाही, मीच चुकलो असन. तुमी शिकेल मानसं."

त्यानंतर कोणी सिनेमाचं विचारलं की मिस्त्री नट पिळता पिळता म्हणत, "मास्तरायले इचारा. आपल्याले काय समजते त्यातलं." लोक खरंच माझ्याकडे आले! जे मागितलं होतं ते पदरात पडलं. मी बोलायचो, भरपूर बोलायचो, दिग्दर्शन काय, कथानक काय. लोक अदबीनं ऐकायचे आणि उठून जायचे. बाकड्यावर मात्र गर्दी होतीच. तिथं आता कोणी काही बोलत नसे, नुसते बसत. माझ्यापाशी तसं नुसतं कोणी कधी बसलं नाही. त्याचाही मला हेवा वाटायचा.

पुढं चार-पाच वर्षांनी मिस्त्रींचे हात थरथरायला लागले. पाना धरवेना. फुलसावंगीला दिलेली मुलगी येऊन त्यांना घेऊन गेली. निम्मं गाव बसपाशी जमलं होतं, मीही गेलो. खिडकीतून त्यांनी मला हाक मारली.

"मास्तर, तुमी लय पुस्तकं वाचता. एखादं असं भेटलं, ज्यात त्याले मारत नाही, त मले निरोप धाडजा. नातू वाचून दाखवीन."

"बघतो," मी म्हणालो.

पुस्तक घरी कपाटात होतं. बस जरा वेळ तिथंच उभी होती, धावत जाऊन आणता आलं असतं. मी गेलो नाही. बस सुटली तेव्हा लोक रडत होते आणि मला हायसं वाटत होतं. मिस्त्री गेल्याची बातमी दोन वर्षांनी आली. ते पुस्तक मी त्यानंतर कोणालाही वाचायला दिलेलं नाही.